गव्हाळ म्हैस

आमच्या घराण्यात काळं माणूस कधी जन्मालाच आलं नाही. म्हणजे कागदावर आलं नाही. मला सहा आत्या. प्रत्येकीच्या लग्नाच्या वेळी आजोबांनी स्थळांकडे पाठवायचं टिपण स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि सहाही टिपणांत एक ओळ अगदी तीच होती : 'वर्ण : गव्हाळ'. सहांपैकी दोघी आजीसारख्या गोऱ्यापान होत्या, एक खरोखरच गव्हाळ होती आणि उरलेल्या तिघी आजोबांवर गेल्या होत्या. आजोबांचा स्वतःचा वर्ण त्यांच्या टिपणात काय लिहिला होता, हे सांगायला नको.

हा गहू कुठला, असं कोणी विचारत नसे. सिहोर, लोकवन आणि खपली यांच्या पोळ्या एका ताटात मांडल्या तर तीन वेगळ्या घराण्यांतल्या वाटतील. टिपणात मात्र सगळा गहू एकाच पोत्यातला.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा कॅमेरा. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक अध्यात्म, होमिओपॅथी किंवा सोसायटीची कमिटी यांपैकी काहीतरी धरतात. मी कॅमेरा धरला. चांगला भारीतला, लेन्स बदलता येणारा, मानेला कळ लावणारा. आणि सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं की हा जपानी कॅमेरा आमच्या आजोबांच्याच हाताखाली शिकलेला आहे. त्याच्या लेखी सगळं जग गव्हाळ आहे.

त्याचाही नाइलाज असतो. आतल्या मीटरला समोरून किती प्रकाश आला एवढंच कळतं. का आला, ते कळत नाही. सावलीतली पांढरी भिंत आणि उन्हातली काळी भिंत यांच्यावरून सारखाच प्रकाश आला, तर त्याच्या दृष्टीने भिंत एकच. मग तो एक गृहीत धरून चालतो, की समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम राखाडी असणार. छायाचित्रकारांत त्याला 18 टक्के ग्रे म्हणतात. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी 18 टक्के परत पाठवणारा, डोळ्याला बरोबर काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटणारा रंग. (18 टक्के म्हटल्यावर मला आधी जीएसटीच वाटला होता.) रस्ता, झाडं, भिंती, माणसं असं सगळं फोटोत मिसळलेलं असतं तेव्हा हा हिशेब बहुतेक वेळा जमतो. पण चौकटभर बर्फ दाखवा, तो गव्हाळ करून देतो. कोळशाचा ढीग दाखवा, तोही गव्हाळ. आजोबांनी निदान कोळशाला हात घातला नव्हता.

पहिला दणका साडूंच्या मुलीच्या लग्नात बसला. फोटोग्राफर ठरवलेला होताच, पण घरात निवृत्त माणूस आणि नवा कॅमेरा असा योग असल्यावर मला कोण थांबवणार? मी मोक्याची जागा पकडून नवऱ्या मुलाच्या मागे स्टुलावर उभा राहिलो. समोर अंतरपाट. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, इस्त्रीचा, पांढराशुभ्र. मंगलाष्टकांची आठही कडवी मी तोच टिपत होतो. चौकटभर पांढरं पाहून कॅमेरा दचकला, एवढा उजेड असतो का कुठे, म्हणाला आणि त्याने सगळा फोटो दाबून टाकला. रात्री घरातल्या टीव्हीवर फोटो लावले. खोलीत शांतता पसरली. मग मेहुणी म्हणाली, "भाऊजी, हा अंतरपाट आहे की फरशी पुसायचं?"

मी कॅमेऱ्याला दोष दिला. बायकोने मला दिला.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला फोटोग्राफरचा मदतनीस, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, माझ्या शेजारी पंगतीला होता. त्याला मी माझं दुःख सांगितलं. तो श्रीखंडावरून नजर न हलवता म्हणाला, "काका, कॉम्पेन्सेशन द्यायचं की. पांढरं आलं की प्लस, काळं आलं की मायनस."

"उलट ना? पांढरं आधीच पांढरं आहे, त्याला अजून प्लस कशाला?"

"नाही काका. हेच बरोबर आहे."

मी छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. ज्याच्याकडे मुळात भरपूर आहे त्याला आणखी द्यायचं आणि ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून आहे तेही काढून घ्यायचं, हे तत्त्व मला नवीन नव्हतं. ते कॅमेऱ्यातही असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पण खरंच तसं आहे. अधिक-उणे अशी खूण असलेलं एक इवलंसं बटण शटरच्या शेजारीच असतं. मी इतके दिवस ते बॅटरीचं समजत होतो. ते दाबून चाक फिरवलं की कॅमेऱ्याला सांगता येतं, बाबा रे, हे खरोखरच पांढरं आहे, तुझ्या हिशेबात मिळव. प्लस एक म्हणजे कॅमेऱ्याने ठरवला होता त्याच्या दुप्पट प्रकाश, प्लस दोन म्हणजे चौपट, मायनस एक म्हणजे निम्मा. मधल्या पायऱ्या एकतृतीयांशाच्या. पण कॅमेऱ्याला अपूर्णांक परवडत नाहीत, म्हणून तो 0.3, मग 0.7, मग 1 असं दाखवतो. म्हणजे 0.3 आणि 0.3 मिळून 0.7. आमच्या शाखेत असा ताळेबंद निघाला असता तर मी चहासुद्धा न पिता इन्स्पेक्शनला सामोरा गेलो असतो.

आता 'कॉम्पेन्सेशन' हा शब्द. मराठीत त्याला नुकसानभरपाई म्हणतात आणि ती सहसा अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांच्यानंतर मिळते, किंवा मिळत नाही. इथे अंगठ्याने चाक फिरवलं की झालं. फक्त नुकसान व्हायच्या आधी भरपाई द्यायची असते, एवढाच फरक. आणि एकदा दिलेली भरपाई बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून पुन्हा चालू केला तरी तशीच राहते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सत्यनारायणाच्या पूजेत मी साडूंच्या पांढऱ्या सोवळ्यासाठी प्लस 1.7 केलं, कौतुकाने दोन फोटो काढले, कॅमेरा बंद केला आणि कपाटात ठेवला.

तो काढला एकदम आषाढी वारीला. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. वर उभं राहिलं की खाली घाटाच्या वळणावळणातून पांढरा ओघ वर येताना दिसतो. पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ पांढुरकं आभाळ. एखाद्या मीटरला घेरी यावी असं दृश्य. मी खटाखट फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर काय, टोपी टोपीसारखी पांढरी, चेहरे चेहऱ्यांसारखे सावळे, उन्हातान्हात रापलेले, डोळे दिसतायत, कपाळावरचा बुक्का दिसतोय. आयुष्यात इतके चांगले फोटो मी काढले नव्हते. एक मोठा करून गणपतीत सोसायटीच्या मांडवात लावला. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी विचारलं, हे कसं जमतं? मी म्हणालो, त्याला दृष्टी लागते.

दृष्टी कसली? सत्यनारायणाचा 1.7 शिल्लक होता. पण ते मला पुढे जानेवारीत कळलं. तोपर्यंत मी मांडवातल्या यशावर जगत होतो आणि वाचन वाढवत होतो. अमेरिकेत अँसल ॲडम्स नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. त्याने फ्रेड आर्चरच्या बरोबरीने 1940 च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत पायऱ्या पाडायच्या आणि समोरची वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं, मीटरने नाही. पाचवी पायरी म्हणजे बरोबर मधली. आमचा गव्हाळ. याच माणसाने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जगप्रसिद्ध फोटो काढला. तेव्हा ऊन उतरत चाललं होतं आणि त्याला मीटरच सापडेना. मग त्याने चंद्र किती उजळ असतो तो आकडा आठवला आणि मनातल्या मनात हिशेब करून फोटो घेतला. मलाही चष्मा दिवसातून चारदा सापडत नाही; त्यातून कलाकृती झाल्याचं आठवत नाही.

आणखी एक युक्ती वाचली, ती मात्र मनात बसली. मीटरचा नेम स्वतःच्या तळहातावर धरायचा आणि प्लस एक करायचं. माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, तळहात साधारण सगळ्यांचे सारखेच, मध्यम राखाडीपेक्षा एक पायरी उजळ. आजोबांना हे माहीत असतं तर टिपणात 'तळहाताचा वर्ण' असा रकाना घालून ते सहाही वेळा खरं बोलले असते.

जानेवारीत आमचा ज्येष्ठ छायाचित्रकारांचा गट भिगवणला गेला. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी येतात. पहाटे मच्छीमारांच्या होडीतून पाण्यावर जायचं आणि गुलाबी पायांचे ते पक्षी चिखल चाळताना टिपायचे, असा बेत. होडीत जागा सहांची, आम्ही सात, आणि पाठदुखीवाला मी एकटा. गट पाण्यात गेला आणि मी काठावर. काठावर एक म्हैस होती.

नुसती म्हैस नव्हे, पंढरपुरी. तलवारीसारखी लांबच लांब शिंगं मागे पाठीवर रेललेली, अंग पाण्यातून नुकतंच निघाल्यामुळे ओलं, काळंभोर, चकचकीत. आणि तिच्या पाठीवर एक गायबगळा. दुधासारखा पांढरा, एका पायावर, चेहऱ्यावर संस्थेच्या अध्यक्षाचा भाव. मला उचंबळून आलं. मी गुडघ्यावर बसलो आणि दहा-बारा फोटो काढले.

"काय पाव्हणं, म्हस आवडली का?"

मालक मागे उभे होते. साठीचे, डोक्याला मुंडासं, हातात काठी. मी अभिमानाने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, समोरच्या म्हशीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"ही आमची न्हवं."

"अहो, आत्ता काढला फोटो."

"आसंल. पन आमची काळी हाय. ही राखुंडी फासलेली कुनाची?"

मी पाहिलं. खरंच, म्हैस चुलीतून बाहेर काढल्यासारखी दिसत होती. बगळा तर उरलाच नव्हता. त्याच्या जागी कागदाला भोक पडावं तसा एक पांढरा डाग, आणि तो काळा-पांढरा, काळा-पांढरा असा लुकलुकत होता. फोटोत जिथे प्रकाश ओतू जाऊन सगळा तपशील वाहून जातो, तिथे कॅमेरा अशी उघडझाप करून दाखवतो. तेवढ्या जागेत नंतर कितीही खाटखूट केली तरी पीस परत येत नाही.

"बगळ्याला फिट आली का?" मालकांनी काळजीने विचारलं.

तेव्हा माझी नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. प्लस 1.7. सत्यनारायणाचा. मांडवातला माझा मोठा फोटो, कुलकर्णी, दृष्टी, सगळं डोळ्यांसमोरून झरझर गेलं. मी मुकाट्याने चाक फिरवून शून्यावर आणलं आणि पुन्हा फोटो घेतला. म्हैस थोडी सावरली. पण अजून गव्हाळच. काळं एवढं समोर आल्यावर कॅमेरा त्याला उजळवणारच, आजोबांचा शिष्य तो.

"काय खटपट चाललीय?"

त्यांना समजावं म्हणून मी मराठीत सांगायला गेलो. "भरपाई करतोय. प्लस द्यायची का मायनस, ते ठरवतोय."

मालक एकदम काठीवर सरळ झाले. "भरपाई? सरकारी मान्सं का तुमी?"

मला घाम फुटला. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमेच्या काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली; दुष्काळात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. त्या पाण्याच्या काठी उभं राहून मी या गृहस्थांना भरपाई सांगत होतो. घाईघाईने म्हणालो, "नाही, नाही, ही फोटोतली. हिच्यात अधिक-उणे दोन्ही असतं."

"आमाला उन्यातलीच घावली," मालक म्हणाले आणि म्हशीची पाठ थोपटायला लागले.

एवढ्यात होडी परतली. गटातल्या दोघांनी माझी अडचण ऐकली आणि लगेच दोन पक्ष पडले. आमच्या गटात एक निवृत्त इंजिनिअर आहेत आणि एक निवृत्त प्राध्यापक; फोटो कमी आणि ठराव जास्त होतात. इंजिनिअर म्हणाले, सोपं आहे, स्पॉट मीटरिंगने नुसत्या बगळ्यावर नेम धरा आणि प्लस दोन करा. प्राध्यापक म्हणाले, बगळा हा आनुषंगिक विषय आहे. नेम म्हशीवर धरा आणि मायनस दोन करा. प्लस आणि मायनस यांत एकदम चार पायऱ्यांचं अंतर, म्हणजे सोळा पट प्रकाशाचा फरक. दोघंही हट्टाला पेटले, दोघांनी आपापले कॅमेरे रोखले. आयएसओ 200, ॲपर्चर एफ 8.

बगळ्यावर नेम धरला तेव्हा कॅमेरा सेकंदाचा 3200 वा भाग म्हणाला. प्लस दोन केल्यावर चौपट प्रकाश, म्हणजे 800 वा भाग. म्हशीवर नेम धरला तेव्हा दुसरा कॅमेरा 200 वा भाग म्हणाला. मायनस दोन केल्यावर चौथाई प्रकाश, म्हणजे पुन्हा 800 वा भाग. दोघांचा फोटो अक्षरशः सारखा. म्हैस काळी, बगळा पांढरा. दोघेही काही क्षण एकमेकांच्या पडद्याकडे पाहत राहिले. तीस मिनिटांचा वाद असा अचानक संपल्याचं दुःख दोघांच्याही चेहऱ्यावर होतं.

म्हटलं तर यात नवल काही नाही. ऊन दोघांवर एकच पडलं होतं. खोटं बोलत होता तो मीटर, आणि तो एकदा या बाजूला खोटं बोलत होता, एकदा त्या बाजूला. जुने लोक हातात धरायचा मीटर बाळगायचे. त्यावर अर्ध्या पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी टोपी असते. तो वस्तूकडे न धरता वस्तूपाशी जाऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा. मग काळं कोण, गोरं कोण याच्याशी त्याचा संबंधच राहत नाही. पडलेलं ऊन तेवढं तो मोजतो. आपल्याकडे स्थळं पाहायला असा एखादा मीटर निघायला हवा होता. नवे कॅमेरेही तसे अगदी बावळट नाहीत. निकॉनने 1983 मध्ये एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे तुकडे पाडून मोजणी आणली, आणि पुढे पुढे कॅमेरे समोरचं दृश्य साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहू लागले. त्या नमुन्यांत पंढरपुरी म्हैस नसावी, असा माझा दाट संशय आहे.

मालकांना आता रस वाटू लागला होता. त्याचं कारणही कळलं. म्हैस विकायची होती. दुसऱ्या वेताची, कास चांगली, लाथ मारत नाही. हल्ली बाजाराला न्यायच्या आधी फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि गिऱ्हाईक फोटो बघूनच फोन करतं. म्हणाले, "राखाडी दिसली की भाव पडला बगा. म्हशीला काळा रंगच लागतो." मी ऐकतच राहिलो. म्हणजे जगात एक तरी टिपण असं आहे, की ज्यात काळ्याला काळं लिहिलं तर भाव वाढतो. माझ्या तीन आत्यांची आठवण झाली, पण कुठल्या संदर्भात ते घरी सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात त्यांचा नातू आला. आठवी-नववीतला. आजोबांनी त्याला आमचा गोंधळ सांगितला. त्याने खिशातून मोबाइल काढला, पडद्यावर म्हशीला बोट लावलं. शेजारी पिवळा सूर्य उगवला, तो बोटाने खाली ओढला आणि म्हैस काळी झाली. एकूण वेळ दोन सेकंद. फोटोही निघाला.

माझ्या गळ्यातला कॅमेरा अचानक जड झाला. शिक्षकी बाण्याने मी विचारलं, "याला काय म्हणतात, माहितीये का?"

"सूर्य," तो म्हणाला.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, मोबाइलचा फोटो तो मोबाइलचा. माझ्याकडचा मोठा करून गोठ्यात लावता येईल. मालकांना म्हशीशेजारी उभं केलं. त्यांनी मुंडासं सारखं केलं, एक हात शिंगावर ठेवला, छाती काढली. बगळा दोन पावलं सरकून पुन्हा अध्यक्षस्थानी बसला. मी चाक मोजून फिरवलं, 800 वा भाग आलाय याची खात्री केली आणि श्वास रोखून बटण दाबलं. फोटो झाला. इतका खरा फोटो मी वारीतही काढला नव्हता, आणि या वेळी सत्यनारायणाचा त्यात हात नव्हता. म्हशीच्या ओल्या पाठीवरची चमक, बगळ्याचं एकेक पीस, मालकांच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं जागच्या जागी.

पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पुन्हा डोळे बारीक केले.

"आता आपली वाटती," ते म्हणाले. "शिंगं बी बेस. बगळा बी झ्याक."

मग पडदा जरा जवळ ओढून त्यांनी स्वतःकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी येवढा काळा हाय?"

गटातले सातही ज्येष्ठ छायाचित्रकार पाण्याकडे पाहू लागले. इंजिनिअर घसा खाकरले. मी म्हणालो, ऊन फार आहे.

"न्हाई, म्हस हाय तशी ऱ्हाऊ द्या," मालक हलक्या आवाजात म्हणाले. "मला तेवढा जरा गव्हाळ करा."

माझा अंगठा चाकावर गेला आणि तिथेच थांबला. प्लस करावं तर म्हैस पुन्हा राखुंडीत जाणार, बगळ्याला पुन्हा फिट येणार आणि गिऱ्हाईक फोन करणार नाही. प्राध्यापकांना विचारावं म्हणून मागे पाहिलं, तर ते केव्हाच जीपकडे चालायला लागले होते.

नातवाने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा म्हशीकडे पाहिलं.

"आज्या," तो म्हणाला, "मंग तू फोटूतनं भाईर हो."